मिशीवाला घ्रेलिन

पोटाचा दवाखाना चालवणाऱ्याला किस्से शोधावे लागत नाहीत. ते आपणहून येतात, नंबर लावतात आणि बाकावर बसून राहतात. माणूस वयाबद्दल खोटं बोलतो, तंबाखूच्या खर्ऱ्याबद्दल बोलतो, पण जेवणाबद्दल बोलताना त्याच्या खोटेपणात जी जान असते ती कुठेच नसते! "मॅडम, मी तं काईच खात नाई जी," असं म्हणणाऱ्याच्या शर्टावर सकाळच्या तर्री-पोह्यांचा डाग अजून ओला असतो. नावं बदलून सांगते, कारण ही सगळी मंडळी मला बाजारात भेटतात आणि माझ्या पिशवीत वाकून बघतात.

दवाखाना नागभीडला, स्टेशनच्या रस्त्यावर. डॉक्टर मी, पण दवाखान्याचे खरे मालक आमचे कंपाउंडर भोजराजभाऊ. पेशंट आधी त्यांना विचारतात, "मॅडमचा मूड कसा हाय?" आणि मगच आत येतात.

*

दवाखान्याच्या भिंतीवर मला एक चित्र हवं होतं. जठर, आतडी आणि त्यांतून निघणारी हार्मोन्स. लोकांना वाटतं, पोट रिकामं झालं की भूक आणि भरलं की तृप्ती, विषय संपला! मध्ये केवढा कारभार चालतो ते कुणाच्या गावी नसतं. जेवणाची वेळ झाली की जठरातून घ्रेलिन नावाचा निरोप्या निघतो आणि मेंदूला सांगतो, "वाढा!" अन्न आतड्यात उतरलं की तिथून दुसरे निरोपे सुटतात. त्यातला एक जीएलपी-वन. तो मेंदूला म्हणतो "बस!", जठराला म्हणतो "जरा हळू!" आणि स्वादुपिंडाला म्हणतो "साखर येतेय, इन्सुलिन काढ!"

हे रंगवायला भोजराजभाऊंनी एक पेंटर आणला. धान निघालं की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव नाटकं होतात. त्या नाटकांचे बोर्ड रंगवण्यात या माणसाचं आयुष्य गेलेलं. मी घसा कोरडा पडेपर्यंत समजावलं. त्यानं सगळं शांतपणे ऐकलं, ब्रश कानामागे खोचला आणि विचारलं,

"समजलं जी मॅडम. पन याच्यात व्हिलन कोन?"

बाहेर पेशंट खोळंबले होते. मी म्हटलं, "घ्रेलिन समजा!"

संध्याकाळी येऊन बघते तर गुलाबी जठरातून घ्रेलिन बाहेर पडतोय! झुपकेदार मिशा, लाल डोळे, हातात रिकामं ताट! आणि आतड्याच्या वळणावर जीएलपी-वन उभा. गोरापान, केस मागे वळवलेले, हात वर करून त्याला अडवतोय. मी मिशा पुसायला सांगितल्या तर पेंटर दुखावलाच.

"मिशाच पुसल्या तं पब्लिकले कसं समजन?"

पब्लिकला समजलं. तेव्हापासून माझ्याकडे कुणी "भूक फार लागते" असं म्हणत नाही. म्हणतात, "मॅडम, मिशीवाला लय तरास देऊन राह्यला!"

*

फक्त एका घरात त्या मिशीवाल्याची वाट बघणं चालू होतं. आमच्या भोजराजभाऊंच्याच.

त्यांचे वडील पोळ्याच्या सुमारास गेले आणि आईची, शेवंतामायची, भूकही त्यांच्यामागे गेली. माणूस गेल्यावर काही दिवस घास उतरत नाही, हे आपण सगळेच जाणतो. पण दिवाळी गेली, धान कापून घरात आलं, तरी मायच्या ताटातला भात तसाच. रक्त तपासलं, चंद्रपूरला नेऊन जठरात कॅमेरा घातला. सगळं ठीक! पोलकं मात्र खांद्यावरून उतरायला लागलं होतं. सून प्रतिभा, गुणाची पोर, सासूला चुलीजवळ फिरकू देत नव्हती. सगळ्यांच्या आधी मायला गरम भात वाढायची. "माय, तुमी बसा. पहिले तुमी जेवा." माय बसायची, शितं चिवडायची आणि म्हणायची, "मन नाई होत बाई."

रोज सकाळी भोजराजभाऊ कुलूप उघडता उघडता, मी विचारण्याआधीच बातमी द्यायचे, "काल दोन घास." कधी, "काल नुसता चहा." मी दिवसभर अख्ख्या तालुक्याला कमी खा म्हणून दटावत होते, आणि माझ्याच माणसाच्या आईला धड चार घास खायला लावणं मला जमत नव्हतं. फार वाईट वाटायचं. भोजराजभाऊ भिंतीकडे बघून म्हणायचे, "मॅडम, इतक्या लोकाइच्या पोटात हा धिंगाणा घालून राह्यला. एकडाव आमच्या घरी पाठवा न त्याले!"

*

भोजराजभाऊंच्या शेजारी मारोतभाऊ राहतात. धानाचे शेतकरी, आवाज मोठा, पोट त्याहून मोठं आणि जेवणाचा वेग असा की वाढणारा वाकलेला सरळ होईपर्यंत ताट साफ. साखर काही केल्या उतरेना. शेवटी मी त्यांना चित्रासमोर उभं केलं.

"हे बघा भाऊ, 'बस' म्हणणारा निरोप मेंदूत नीट पोचायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. तुम्ही त्याआधीच दोन ताटं उडवता. मग तो पोचून करणार काय?"

मारोतभाऊ विचारात पडले. "म्हंजे आपल्या नागभीडवाणीच झालं. गाडी टेशनाच्या भाएर उभी, आन सिग्नलच नाई!"

"अगदी तसंच! म्हणून सावकाश जेवा. डोळे मिटा, घास चावून चावून खा, चव घ्या."

माणूस शब्दाचा पक्का. पुढच्या खेपेला छाती काढून आले. काट्यावर उभं केलं तर वजन वाढलेलं!

"भाऊ, हे काय?"

"तुमच्या शब्दाभाएर नाई गेलो जी मॅडम! पुतण्याच्या लग्नात पहिल्या पंगतीले बसलो, आन हळूहळू जेवत शेवटच्या पंगतीसंगं उठलो!"

प्रत्येक पंगतीला नवे वाढपी आले आणि प्रत्येकानं नव्यानं वाढलं. मी कपाळाला हात लावला. भोजराजभाऊ गंभीरपणे म्हणाले, "निरोप पोचला असन मॅडम. पन लग्नघरी चार लोकाइत तो बोलन कसा?"

*

रामटेकेकाका घुग्घुसच्या कोळसा खाणीतून रिटायर होऊन नागभीडला लेकीकडे राहायला आले. तक्रार वेगळीच. दिवसा भूक नाही आणि रात्री सगळं गाव झोपलं की पोटात आग! काकूंना आधी वाटलं घरात उंदीर झालेत, मग वाटलं मांजर शिरतं. काठी घेऊन गेल्या तर काका अंधारात डबा उघडून बसलेले!

"मॅडम, मी रिटायर झालो," काका म्हणाले, "पन पोट अजून नाईट शिफ्टलेच हाय!"

हसू नका, हे शंभर टक्के खरं आहे. घ्रेलिन नुसतं रिकामं पोट बघून येत नाही. तो सवय बघतो. वर्षानुवर्षं तुम्ही ज्या वेळी, ज्या खुणेनंतर जेवलात, तीच वेळ आणि तीच खूण त्याला पाठ असते. काकांची खूण म्हणजे खाणीतला भोंगा. भोंगा वाजला की डबा उघडायचा, सगळ्या नोकरीत दुसरं वळण नाही. आम्ही त्यांची वेळ हळूहळू सरकवत दिवसावर आणली, पण त्याला बरेच महिने गेले. तोवर काकू रोज येऊन मला ऐकवायच्या, "रिटायर हे झाले, आन नाईट ड्युटी मले लागली!"

*

नाटकांचा सीझन आला की माझ्याकडे गर्दी होते. जागरणं वाढली की भूक चाळवते, भूक चाळवली की साखर चढते. एका मास्तरांना मी स्पष्ट सांगितलं, "नाटकं बंद! झोप कमी झाली की मिशीवाला दुप्पट जोरानं येतो."

"पन मॅडम, मी नाटकात जागतो कुठी? पहिला पडदा वर गेला की झोपतो!"

"मग साखर कशी वाढली?"

मास्तरांनी बायकोकडे बोट दाखवलं. "मध्यंतरात आलूबोंडे खाले उठवते न हे!"

*

एका ठेकेदाराला साखरेसाठी मी आठवड्याची सुई सुरू केली. हीच ती जीएलपी-वनची नक्कल करणारी, जिच्याबद्दल हल्ली सगळेच विचारतात. माझ्या चित्रातला हिरो सिरिंजमध्ये भरला म्हणा! गड्याची भूक एकदम उतरली. आणि त्याच आठवड्यात तो सासुरवाडीला गेला.

सासूनं पुरणाच्या पोळ्या केल्या होत्या. जावयानं अर्धी खाल्ली आणि ताटात हात धुतले. आमच्याकडे जावई जेवत नाही म्हणजे त्याला भूक नाही असा अर्थ कुणी काढत नाही. जावई रुसला! सासूच्या डोळ्यांत पाणी आलं. सासरे हात जोडून समोर बसले, "जवाईबापू, आमचं काय चुकलं?" हा सांगतोय भूकच नाही, आणि तो जितकं सांगतोय तितकी त्यांची खात्री पटतेय की रुसवा मोठा आहे. शेवटी मामेसासऱ्यांना बोलावलं, बैठक बसली आणि जावयाच्या मनगटावर नवं कोरं घड्याळ चढलं.

पुढच्या तपासणीला तो घड्याळ चमकवत आला. मी म्हटलं, "साखर छान उतरलीय. डोस कमी करून बघू या का?"

"नोका जी मॅडम!" तो खुर्चीतून अर्धा उठला. "पुढच्या आयतवारी मामेसासऱ्याच्या घरी जेवाले बोलावलं हाय!"

*

जिवतीकडच्या डोंगरातल्या एका गावात आम्ही शिबिर घेतलं होतं. सगळ्या बायका एका बाजूला बसलेल्या, पदराआड हसणाऱ्या. बोलतं करावं म्हणून मी विचारलं, "तुम्हाला भूक केव्हा लागते?"

बायका एकमेकींना कोपरानं ढोसू लागल्या. मग मागून एकजण म्हणाली, "सगळ्यायचं जेवन झाल्यावर."

सगळ्या खो-खो हसल्या, मीही हसले. तेवढ्यात पुढच्या एका म्हातारीनं मला वरपासून खालपर्यंत निवांत न्याहाळलं. मी अंगानं चांगली भरलेली आहे, लपवण्यासारखं काही नाही.

"आन मॅडम, तुमाले?" तिनं विचारलं. "तुमाले केव्हा नाई लागत?"

शिबिर तिथेच संपलं!

*

थंडी सरत आली होती. भोजराजभाऊंच्या गावात एका पेशंटला बघायला आम्ही दोघं गेलो होतो. परतताना मी त्यांच्या दारात गाडी थांबवली. शेवंतामाय खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. मला बघून उठून बसली.

"मॅडम पहिल्यांदा घरी आल्या. तश्याच उपाशी जातीन का?"

प्रतिभा म्हणाली, "माय, मी वाढते न." पण माय ऐकेना. पदर खोचून चुलीजवळ गेली. कितीतरी महिन्यांनी! मला आणि भोजराजभाऊंना बसवलं. भात, लाखोळीच्या डाळीचं वरण, वांग्याची भाजी. "घ्या न जी थोडंसं. काऊन लाजता? खाल्ल्यावाणीच नाई वाटत." मी लोकांना जे जे करू नका म्हणून सांगते, ते सगळं मी त्या दुपारी केलं.

हात धुऊन आत आले तर माय चुलीपाशी भुईवर बसून जेवत होती. ताट मांडीजवळ ओढलेलं, मान खाली, घासामागून घास. प्रतिभा दारात थिजून उभी. भोजराजभाऊंनी मला खूण केली, बोलू नका. प्रतिभाला मात्र राहवलं नाही.

"माय, भूक लागली?"

"लागन नाई तं काय?" माय म्हणाली. "सगळ्यायचं झालं न!"

मला जिवतीची ती बाई आठवली, आणि रामटेकेकाकांचा भोंगा आठवला. शेवंतामाय लग्न होऊन या घरात आली त्या दिवसापासून कुणाच्याही आधी जेवली नव्हती. आधी सासरा, मग नवरा, मग पोरं, मग कामावरची माणसं आणि शेवटी ती. शेवटचं ताट उचललं गेलं की तिच्या पोटात मिशीवाला उठायचा. आणि आम्ही सगळे, मायेपोटीच, तिला सगळ्यांच्या आधी वाढत होतो! भोंगाच वाजत नव्हता, तर डबा कसा उघडणार? मला त्या रीतीचा राग आला आणि त्याच रीतीनं ती आज जेवली म्हणून रडूही आलं. डोळे पुसून मी प्रतिभाला सांगितलं, "सध्या रोज दुपारी मायच्या हातानं कुणाला तरी आधी वाढू द्या. अंगात ताकद आली की हळूहळू तिला सगळ्यांच्या सोबत बसवू."

दुसऱ्या दिवशी प्रतिभाच पाटावर बसली. ते मायला पटलं नाही. "सून काय पाव्हनी हाय?" भोजराजभाऊ दुपारी दवाखान्यात, नातवंडं शाळेत. मग शेजारची एक बाई बसली. तिच्या दुसऱ्या दिवशी तिचा दीर. आणि मग गावानं ते काम हातात घेतलं! रोज दुपारी कुणीतरी हात-पाय धुऊन शेवंतामायच्या दारात हजर.

भोजराजभाऊंच्या सकाळच्या बातम्या बदलल्या. "काल वाटीभर भात!" "काल भाजी दुसऱ्यांदा घेतली!" एक दिवस तर कुलूप न उघडताच रस्त्यावरून ओरडत आले, "मॅडम, माय काल भाजीत मीठ कमी हाय म्हनून प्रतिभाले बोलली!" आम्ही दोघांनी भिंतीवरच्या मिशीवाल्याला नमस्कार केला.

*

उन्हाळा लागला आणि त्या गावाच्या साखरा चढल्या. एकाची नाही, सगळ्यांची! आज एक आला, उद्या दोन, परवा नवरा-बायको जोडीनं. सगळ्यांचं वजन वाढलेलं आणि चेहरे समाधानी. शेवटी माझा आवाज चढला.

"गावात रोज लग्न आहे का? काय खाऊन राहिले तुम्ही सगळे?"

समोरचा माणूस अजिबात ओशाळला नाही. उलट जरा दुखावल्यासारखा म्हणाला,

"खाऊन नाई राह्यलो जी मॅडम! आमी औषध देऊन राह्यलो!"

*

म्हटलं, हे आता थांबवायला हवं. मायला सगळ्यांसोबत बसवायची वेळ आलीच होती. दुसऱ्याच दिवशी भोजराजभाऊंना गाडीत घालून भर दुपारी त्यांच्या घरी गेले. दारात पोचलो आणि दोघंही तिथेच थांबलो.

त्या दिवसाचे पाहुणे होते मारोतभाऊ.

पाटावर ताठ बसलेले, डोळे मिटलेले. घास तोंडात आणि जबडा सावकाश हलतोय, मी सांगितलं होतं अगदी तसा. समोर शेवंतामाय, हातात पळी, पुढ्यात भाताचा पितळी गंज. तिच्या बाजूला तिचं स्वतःचं ताट, धुऊन पालथं घातलेलं.

मारोतभाऊंनी घास गिळला. डोळे उघडले, दारात मला बघितलं. बघा मॅडम, तुमच्या शब्दाबाहेर नाही, अशा अभिमानानं मान हलवली. दुसरा घास घेतला आणि पुन्हा डोळे मिटले.

मायनं मांडी बदलली. गंजातल्या भाताकडे बघितलं. आपल्या पालथ्या ताटाकडे बघितलं. मारोतभाऊंच्या हलत्या जबड्याकडे बघितलं. भोजराजभाऊंनी चौकट घट्ट धरली होती. प्रतिभा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात तोंडावर पदर धरून उभी होती.

मारोतभाऊ चावत होते.

मायनं पळी गंजाच्या काठावर दाणकन आपटली.

"ओ मारोत! आटप न बाप्पा लवकर! मले भूक लागली!"